अडीच फुटी दार

डहाणू-तलासरीकडे कुणी नवं घर बांधलं की ते पाहुण्याला दाखवायचा क्रम ठरलेला असतो. आधी हॉल. हॉलला पीओपीचं छत, छतात दडवलेले दिवे. ते आधी पांढरे, मग पिवळे, मग निळे करून दाखवतात. मग देवघर. मग किचन, सगळ्या ट्रॉल्या ओढून. मग गच्ची. तिथून चिकूची वाडी दिसते आणि आभाळ मोकळं असलं तर महालक्ष्मीचा सुळका. ‘इथूनच दर्शन होतं बघा,’ असं यजमान म्हणतात, आपण हात जोडतो. खाली उतरताना पॅसेजमधलं एक दार अर्धं उघडतं, आत दिवा लागतो, ‘आणि हे बाथरूम’ एवढं कानावर पडतं, दिवा विझतो, दार बंद. वास्तुशांतीला जमलेल्या मंडळींपैकी निम्मी तासाभरात याच दाराची चौकशी करत फिरणार असतात. पण तोवर यजमानांना त्याचं काही नसतं.

याचं मूळ नकाशात आहे. आपल्याकडे हॉल काढतात, बेडरूम काढतात, किचन काढतात. बाथरूम कुणी काढत नाही, ते उरतं. जिन्याखाली उरतं, दोन बेडरूमच्या मध्ये उरतं, नाहीतर मागच्या भिंतीला लागून चार बाय सहाचा तुकडा कुणाच्याच कामाचा नसतो, तिथे उरतं. त्यावर मग वास्तुशास्त्रवाले येतात. कमोडचं तोंड उत्तरेला असावं की दक्षिणेला यावर तासभर खल होतो. बसणाऱ्याचे गुडघे कुठे जातील हे मात्र कुणी विचारत नाही. परवा एका परिचितांनी अशी दिशाशुद्ध बैठक दाखवली. दिशा अचूक होती. फक्त बसलेल्या माणसाला एक पाय वॉशबेसिनच्या नळीच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवावा लागत होता.

जागा नसली तरी टाइल्सना पैसे असतात. याबाबतीत आमचा भाग भाग्यवान. गुजरातेतल्या मोरबीहून टाइल्स भरून निघालेला ट्रक भिलाड ओलांडतो आणि आच्छाडला महाराष्ट्रात शिरतो, म्हणजे तलासरी तालुक्यात. तेव्हा पुण्या-नाशिकच्या लोकांनी कितीही मिरवलं, तरी टाइलची नवी फॅशन महाराष्ट्रात पहिलं पाऊल टाकते ती आमच्या अंगणात. आणि ते पाऊल घसरतंसुद्धा आमच्याच अंगणात. कारण सगळ्यात देखणी टाइल ती, जिच्यात तोंड दिसतं. तोंड दिसणाऱ्या टाइलवर साबणाचं पाणी पडलं की तिच्यात आणखीही बरंच काही दिसतं. शेवटचं दिसतं ते छत.

माझ्या आत्यानं ते पाहिलं. आत्या घोलवडची, ऐंशीच्या घरातली. विहिरीचा काठ, शेवाळलेली पाटाची कड, पावसातलं अंगण, सगळीकडे ती जन्मभर अनवाणी वावरली आणि कधी घसरली नाही. गेल्या पावसाळ्यात घसरली ती तिच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, आईची मागच्या दारी जायची दगदग वाचावी म्हणून हौसेनं बांधलेल्या अ‍ॅटॅच्ड बाथरूममध्ये. बाथरूमचं दार आत उघडणारं. पडलेली आत्या दाराला आडवी. म्हणजे दार ढकलायचं तर आत्यालाच ढकलायचं. बिजागऱ्या आतून, कडी आतून. अखेर वरच्या झरोक्याच्या काचा काढून घरातला सगळ्यात सडपातळ नातू आत उतरवला. तोवर आत्या आतून सूचना देत होती, आणि त्यातली पहिली सूचना ‘आधी तो पंचा द्या’ ही होती.

खुब्याच्या हाडात सळई घालून, महिनाभरानं ती वॉकर घेऊन घरी आली, तेव्हा भूमितीचा एक नवा सिद्धान्त घरात सिद्ध झाला: आत्या, वॉकर आणि दार या तिघांपैकी कुठलीही दोघंच एका वेळी त्या खोलीत मावतात. आत्या नि दार आत घेतलं तर वॉकर बाहेर. म्हणजे जिथे आधार सगळ्यात जास्त हवा, तिथेच तो बाहेर उभा. आत्या नि वॉकर आत घेतले तर दार लागत नाही. काही दिवस दार उघडंच राहिलं, आणि घरातल्या पुरुषमंडळींना सकाळी सातला वाडीत अचानक फार महत्त्वाची कामं निघू लागली.

आता जुन्याचे गोडवे गाणारे म्हणतील, आपली पूर्वीची न्हाणीच बरी होती. अर्धं खरं आहे. आत्याच्या जुन्या घरामागे विहिरीजवळ न्हाणी होती. काळ्या दगडाची ऐसपैस खरबरीत फरशी, तिला भरपूर ढाळ, पाणी थेट केळीच्या आळ्यात. कोपऱ्यात तांब्याचा बंब. पाटावर बसायचं, घंगाळातलं पाणी हाताशी. पाय घसरायची सोय नव्हती आणि माणसाला हातपाय पसरायला जागा होती. पण ती झाली अंघोळ. दुसऱ्या कामासाठी वाडीच्या टोकाला जावं लागे. गोडवे गाणाऱ्याला एकदा आषाढातल्या रात्री दोन वाजता कंदील आणि छत्री देऊन त्या टोकाला पाठवावं, कंदील कुठल्या हातात आणि छत्री कुठल्या हातात हे त्याचं त्यानं ठरवावं, आणि टमरेल कशात धरायचं तेही. परत आला की गोडव्यांचं बोलू.

तेव्हा बाथरूम नव्यानं करायचं ठरलं. त्यासाठी तलासरीकडचे मिस्त्री बोलावले. हाताला कसब असलेला माणूस, ओळंबा न लावता भिंत सरळ उभी करणारा. त्यांच्या धंद्यातला एकमेव मंत्र ‘चालेल’. जे चालणार नाही तेही चालेल, आणि नाहीच चाललं तर ‘पुढचं पुढे बघू’. दादानं त्यांच्यापुढे कागद ठेवला. केंद्र सरकारनं २०२१ साली सर्वांना वापरता येतील अशा बांधकामांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यातली मापं त्यानं उतरवून आणली होती. दार उघडल्यावर मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर. चाकाची खुर्ची फिरवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा. कमोडच्या बैठकीची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर. मिस्त्रींनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला. ‘शेठ, मिलिमीटर ऑफिसात ऱ्हाऊ द्या. आपल्याला सूत सांगा.’

मग सुतात सांगितलं. दार तीन फूट मोकळं, चौकट सोडून. इथे पहिला वाद. कारण दार अडीच फुटी असं ठरतं तेव्हा त्या अडीच फुटांत चौकटही धरलेली असते. दोन्ही बाजूंचं लाकूड वजा केलं की हाती उरतात पंचवीस-सव्वीस इंच. तेवढीच रुंदी चाकाच्या खुर्चीची. म्हणजे खुर्ची जाते, पण चाकं फिरवणारे हात जात नाहीत. ‘बाथरूमला तीन फुटी दार कोण लावतं? लोक हसतील,’ मिस्त्री म्हणाले. घराच्या मुख्य दरवाज्यातून वर्षातून एकदा सोफा जावा म्हणून तो साडेतीन फुटी ठेवतात, त्याला कुणी हसत नाही. माणसापेक्षा सोफ्याचं माप आपल्याला जास्त पाठ आहे.

दुसरा वाद उंबऱ्याचा. बाथरूमच्या दारात तीन इंचांचा काडप्पाचा उंबरा घालणं ही आपल्याकडची श्रद्धा आहे. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो असतो, आणि म्हातारं माणूस आत जाऊ नये म्हणून तो काम करतो. पाऊल तीन इंच उचलायचं म्हणजे क्षणभर सगळा भार एका पायावर, तोही ओल्या पायावर. ‘उंबरा काढला तर पाणी बेडरूममध्ये,’ मिस्त्री म्हणाले. ‘ढाळ द्या ना.’ ‘ढाळ तर हायेच.’ आहेच म्हटल्यावर दादानं जुन्या फरशीवर मगभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं, त्यानं नहाणी ट्रॅपकडे पाहिलं, मग आपला विचार बदलला आणि शांतपणे दाराकडे निघालं. मिस्त्रींनी ते पाणी अडवायला पाय मध्ये घातला आणि म्हणाले, ‘हे दुसऱ्या कुणाचं काम दिसतं.’ (काम त्यांचंच होतं. पण त्या दिवशी कुणी ते काढलं नाही, कारण परत मिस्त्री मिळणं डहाणू तालुक्यात सोपं नाही.)

फुटाला दोन सूत ढाळ दिला की पाणी मुकाट्यानं जातं आणि चालणाऱ्या माणसाला तो ढाळ जाणवतही नाही. अंघोळीची जागा दारापासून लांब घ्यायची, सगळा उतार त्या बाजूला, आणि भिंतीलगत एक लांबट जाळी. उंबऱ्याची गरज उरत नाही. एवढं साधं आहे. पण त्यासाठी फरशी बसवण्याआधी विचार करावा लागतो आणि आपल्याकडे विचार फरशी बसल्यावर सुचतात.

वाद तासभर चालला तेव्हा आत्या खाटेवर बसून ऐकत होती. ती मध्येच म्हणाली, ‘आमच्या बालवाडीत ताराबाईंनी माठ खाली ठेवला होता.’ वयामुळे बोलणं भरकटलं असं सगळ्यांना वाटलं. ते भरकटलेलं नव्हतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे ते सारं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी मॉन्टेसरीबाईंचा विचार इथल्या मातीत आणला. परदेशी महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून शिंपले, बिया, दगड हाताशी घेतले. त्या विचारातली एक गोष्ट अगदी साधी होती: मुलाला मोठ्यांच्या खुर्चीवर चढवून बसवू नका, खुर्चीच मुलाएवढी करा. कडी त्याच्या हाताला लागेल अशी, खुंटी त्याच्या उंचीची, पाणी त्याचं त्याला घेता येईल असं. आमची आत्या बोर्डीच्या त्या पहिल्यावहिल्या पिढीतली. ‘चार वर्षांची होते तेव्हा सगळं माझ्या मापाचं मिळालं,’ ती मिस्त्रींना म्हणाली, ‘मग आता का नाही रे बाबा?’ मिस्त्रींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि तीन फुटी दार मान्य केलं. बाहेर उघडणारं.

खरेदी वापीला. सीमाभागात राहण्याचा फायदा हा, की अर्धं सामान एका राज्यातून आणता येतं आणि तक्रार दुसऱ्या राज्याच्या नावानं करता येते. दुकान दुमजली, एसी. विक्रेत्यानं ‘आवो आवो, बेसो’ म्हणून थंड पाणी दिलं आणि आम्हाला थेट एका छतातल्या चौकोनी चाळणीखाली उभं केलं. रेन शॉवर. ज्या तालुक्यात चार महिने पाऊस आडवा येतो, तिथल्या माणसाला पैसे घेऊन घरात पाऊस विकणं, याला धंदा म्हणतात. मग काचेचं बेसिन, मग आपोआप झाकण उघडणारा कमोड. आम्ही जवळ गेलो तसं त्यानं झाकण उघडलं, मागे सरलो तसं मिटलं. दादा दोनदा पुढे-मागे झाला. नमस्कार-प्रतिनमस्कार झाला.

‘धरायच्या दांड्या आहेत का?’ दादानं विचारलं. विक्रेत्याचा चेहरा पडला. ‘ते हॉस्पिटलवालं?’ आणि तो आम्हाला मागच्या गोदामात घेऊन गेला. तिथे फुटक्या टाइल्सच्या पेट्यांमागे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, धुळीनं माखलेल्या तीन दांड्या होत्या. पुढच्या दालनात चाळणी, मागच्या गोदामात आधार. आपल्याकडचा सगळा हिशेब या दोन खोल्यांत आला.

या दांड्यांबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, विनोदी लेख असला तरी. एक, टॉवेलची दांडी आणि आधाराची दांडी दिसायला बहिणी असल्या तरी स्वभावानं परक्या आहेत. टॉवेलची दांडी दोन बारीक स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या गिट्टीवर तगलेली असते, ओला टॉवेल पेलणं एवढीच तिची महत्त्वाकांक्षा. तोल गेलेला माणूस मात्र हाताला येईल ते धरतो आणि मग माणूस, दांडी, टॉवेल आणि थोडं प्लॅस्टर असे सगळे मिळून खाली येतात. आधाराची दांडी भिंतीत पक्की रोवावी लागते. चार इंची भिंत असली तर प्लॅस्टरच्या आधीच त्या जागी काँक्रीटचा ठोकळा भरून ठेवावा लागतो. आज दांडी लावायची नसली तरी ठोकळा आजच भरावा. दुसरी गोष्ट, समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत साधं स्टील टिकत नाही. स्टील ३०४ नंबरचं आहे की ३१६ नंबरचं हे विचारावं. ३१६ खाऱ्याला जास्त दाद देत नाही, म्हणून बोटींवरही तेच वापरतात. बोर्डीच्या किनाऱ्यावर बंगला असणाऱ्यांनी हे बोटीवर बसल्यासारखंच समजून घ्यावं.

दांड्या घरी आल्या तेव्हा आत्यानं ठाम नकार दिला. ‘घराचा दवाखाना करता काय? उद्या कोणी आलं तर म्हणेल म्हातारी संपली.’ इथे एक गोष्ट लक्षात येते. सोयीचं बाथरूम न होण्याचं कारण पैसा नसतं, जागाही बहुतेक वेळा नसते. ते असतं मान. पंचेचाळीसच्या माणसाला वाटतं, आपण अजून तरुण आहोत. पासष्टच्या माणसालाही तेच वाटतं. ऐंशीच्या माणसाला माहीत असतं की आपण तरुण नाही, पण ते भिंतीवर लिहून ठेवायची त्याची तयारी नसते. अखेर सूनबाईंनी तोड काढली. त्या म्हणाल्या, ‘आत्या, ही टॉवेलची दांडी आहे. जरा जाड आणलीय.’ आत्यानं दांडी हलवून पाहिली, सुनेकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘मग बरोबर.’ आता त्या दांडीवर कायम एक टॉवेल असतो. टॉवेल नुसता शिष्टाचारापुरता. आतून धप्पकन बसल्याचा आवाज आता येत नाही, यावरून काय ते समजायचं.

पांढऱ्या रंगाचं असंच. पांढरा कमोड, पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी. चित्रात फार सुंदर. आत्याला मोतीबिंदू. तिला त्या पांढऱ्यात पांढरं शोधून मागे वळून बसायचं असे, आणि ते सगळं अंदाजावर. फरशी आता गडद राखाडी, खरबरीत. कमोड तेवढा पांढरा उठून दिसतो. नळ गोल पिळायचे काढून दांडीचे लावले, साबणाच्या हातानं कोपरानंही उघडतात. रात्रीचा एक मिणमिणता दिवा कायम चालू.

बादलीचं मात्र परदेशी पुस्तकात काही नाही. सरकारी कागदातही दादाला सापडलं नाही. तिथे शॉवर आहे, हातात धरायचा शॉवर आहे, भिंतीला दुमडणारी बैठक आहे. पण आपल्याकडची अंघोळ म्हणजे बादली आणि मग, आणि ज्या भागात उन्हाळ्यात पाणी मोजून येतं तिथे ती तशीच राहणार. स्टुलावर बसलेल्या माणसाची बादली जमिनीवर असली तर प्रत्येक मगाला कमरेतून वाकावं लागतं. आणि वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलो, ती वर उचलून ठेवायची कुणी? म्हणून आम्ही बैठकीशेजारी फूटभर उंच दगडी ओटा बांधला, बरोबर त्याच्यावर नळ. बादली ओट्यावरच भरते, ओट्यावरच रिकामी होते, हात गुडघ्याच्या उंचीला. बैठकीबद्दल आत्याची एकच तक्रार राहिली: ‘खुर्चीवर बसून अंघोळ म्हणजे साबण लावून बँकेत आल्यासारखं वाटतं.’

आता भूकंप. आमच्या भागात बाथरूमबद्दल लिहायचं आणि भूकंप टाळायचा, हे जमणार नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या जमिनीला जी कापरं भरायला लागली, धुंदलवाडीच्या आसपास तर सारखीच, ती पुढे वर्षानुवर्षं थांबायचं नाव घेईनात. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात धक्क्यांवर धक्के बसले, त्यातला मोठा ४.१ तीव्रतेचा. घरांना तडे गेले, लोक थंडीत तंबूत झोपले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण माणूस हसल्याशिवाय राहत नाही, आणि त्या दिवसांत इथे प्रत्येक घरात एका प्रश्नाचा खल झाला: धक्का बसला तेव्हा तुम्ही आत असाल तर? कपडे घालून बाहेर पळायचं की पळून कपडे घालायचे? वाडीतले एक काका एकदा अंगभर साबणासह अंगणात आले. सगळं गाव आधीच अंगणात होतं. त्यांनी तोंडालाही साबण लावला होता, त्यामुळे ते कोण हे कुणी ओळखलं नाही, असं ते अजून मानतात. तेव्हापासून कित्येक घरांत बाथरूमच्या दाराबाहेर एक गाउन आणि एक लुंगी कायम टांगलेली असते. सरकारी आपत्ती व्यवस्थापनात ही बाब नसावी.

गंमत सोडा. कडी बाहेरूनही नाण्यानं उघडता येईल अशी असावी, हे म्हातारपणासाठी जितकं खरं तितकंच भूकंपासाठी. चार इंची भिंतीवर, नेमका बसणाऱ्याच्या डोक्यावर, पंचवीस लिटरचा गिझर टांगायची पद्धत आपल्याकडे आहे. पंचवीस लिटर पाणी म्हणजे पंचवीस किलो, वर त्या डब्याचं वजन. त्याच्याही वर, गच्चीवर, हजार लिटरची टाकी. म्हणजे एक टन. गिझर बाजूच्या भिंतीवर सरकवायला पैसे लागत नाहीत.

तलासरीकडच्या पाड्यांवर गेलं तर प्रश्न आणखी निराळा. तिथल्या वारली घराच्या कुडाच्या भिंती हलक्या, धक्क्यात हलतात आणि परत उभ्या राहतात. त्या घराशेजारी सरकारी संडास. स्वच्छ भारत मिशन २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालं, घरामागे बारा हजार रुपये. बारा हजारांत जे होतं ते झालं: तीन-चार फुटांची खोली, दोन पायऱ्यांचं जोतं, अरुंद पत्र्याचं दार. त्यातलं ग्रामीण पद्धतीचं तीव्र उताराचं भांडं मात्र शहाणपणाचं आहे, ते दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. शहरातल्या टाकीला त्याच्या कितीतरी पट लागतं. पण त्या दोन पायऱ्या चढून, धरायला काही नसताना, उकिडवं बसून परत उठायचं, हे काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना कसं जमावं? ते आपले शेतात जातात. मग पाहणीला आलेला अधिकारी नोंद करतो, ‘मानसिकता बदललेली नाही.’ मानसिकता केव्हाच बदलली साहेब, गुडघे बदलायचे राहिले. भिंतीत एक लोखंडी कडं आणि पायऱ्यांऐवजी उतारासाठी गाडाभर सिमेंट, एवढ्यानं पुष्कळ झालं असतं. आणि पाणी म्हणाल, तर सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी वसई-विरारपर्यंत पोहोचतं. तिथल्या चाळण्यांतून ते पावसासारखं पडत असेल. इथे पाड्यावरची बाई त्याच जिल्ह्यात एप्रिलमध्ये हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी बघत उभी असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारतींना सुगम होण्याची सक्ती केली. म्हणजे तहसील कचेरीत तुमच्या सोयीचा संडास असायला हवा. स्वतःच्या घरात तुम्ही किती अडचणीत राहायचं, याचं स्वातंत्र्य कायद्यानं तुमच्याकडेच ठेवलं आहे, आणि ते आपण मनसोक्त उपभोगतो.

आत्याचं बाथरूम दिवाळीच्या आधी तयार झालं. पहिला आठवडा ते तिचं होतं. मग सातवा महिना लागलेली नातसून म्हणाली, तिथे बसायला-उठायला बरं पडतं. मग फुटबॉल खेळून पाय प्लॅस्टरमध्ये घालून आलेला, झरोक्यातून उतरलेला तोच नातू तिथे जाऊ लागला. धाकट्या पणतूला बादलीचा ओटा त्याच्या मापाचा वाटतो. ‘एवढा खर्च कशाला’ म्हणणारे दादाचे सासरे दोन दिवसांसाठी आले आणि सकाळी पेपर घेऊन तिथेच मुक्काम ठोकून राहिले. मिस्त्री हिशेबाला आले तेही ‘ढाळ बघून येतो’ म्हणून आत गेले आणि बऱ्याच वेळानं प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आले. जुनी, तोंड दिसणाऱ्या टाइलची, वरच्या मजल्यावरची दोन बाथरूम रिकामी पडून आहेत, आणि आत्या वॉकर धरून बाहेर नंबर लावून उभी असते.

तेव्हा घर बांधायला काढलं असेल, तर नकाशावर सही करण्याआधी असं एक बाथरूम आधी काढून घ्या, मग उरलेल्या जागेत हॉल बसवा. आणि घरात खरंच कुणी म्हातारं असेल, तर दोन काढा.